लाल्याच्या वर्षी हुकलेली मैफल

वयाची चाळिशी उलटेपर्यंत मी एकही मैफल समोर बसून ऐकली नव्हती. गाणं मात्र आयुष्यभर ऐकत आले. रेडिओवर ऐकलं, कॅसेटवर ऐकलं, पुढे मोबाईलवर ऐकलं. गाणारं माणूस समोर बसलंय, ते खाकरतंय, पाणी पितंय, सूर लावायच्या आधी क्षणभर डोळे मिटतंय, हे काही माझ्या वाट्याला आलं नाही. दर वेळी काही ना काही आडवं आलं. त्यात दोष कुणाचाच नव्हता.

माझं लहानपण अमडापूरला गेलं. वडील शाळामास्तर. घरात रेडिओ होता आणि तो वडिलांच्या हातातच असायचा. सकाळच्या बातम्यांच्या आधी शास्त्रीय गाणं लागायचं, तेवढ्यात त्यांची दाढी होऊन जायची. त्या दाढीच्या वेळेत मला गाण्याची गोडी लागली. गाणं म्हणजे साबणाचा वास, असं मला कित्येक वर्षं वाटत असे. मी सातवीत असताना गावात पहिल्यांदा ऑर्केस्ट्रा आला. बाजाराच्या मैदानावर दोन दिवस मांडव उभा राहत होता. येताजाता आम्ही तो बघत होतो. ड्रमचा तो मोठा संच ट्रकमधून उतरवताना मी स्वतः पाहिला. वडील म्हणाले, अशा ठिकाणी आपल्या घरच्या मुली जात नसतात. आवाज सबंध गावाला येतोय, घरूनच ऐक. मी घरून ऐकला. तेव्हा वारा उलट्या दिशेचा होता.

पुढे कृषीच्या शिक्षणासाठी अकोल्याला गेले. तिथे मी तीन कॅसेट विकत घेतल्या. तिन्ही एकाच गायिकेच्या. तेव्हाच त्या साठीच्या आसपास असतील. त्यांचा आवाज गोड नव्हता, थोडा खरखरीत होता, पण एकदा षड्‌जावर थांबल्या की आपणही श्वास रोखून थांबायचो. माझ्या शिक्षणाच्या काळात त्या दोनदा अकोल्याला येऊन गाऊन गेल्या. दोन्ही वेळा कार्यक्रम वसतिगृहाचं फाटक बंद झाल्यावरचा. सकाळी कॅन्टीनमध्ये कुणी बाहेर राहणारी मुलगी सांगायची, काय गायल्या काल, आणि मी चहाच्या कपात बघत बसायची.

मग नोकरी लागली. कृषी सहायक म्हणून पहिली नेमणूक वरवट बकालला झाली. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोन प्रकारचे लोक असतात. आम्ही घाटावरचे. घाटाखाली ऊन भाजून काढतं आणि पाणी खारं. तिथे पोचल्यावर पहिला चहा प्यायले तर कुणीतरी साखरेऐवजी मीठ घातलंय असं वाटलं. आई म्हणाली, सहा महिन्यांत बदली मागून घे. मी सात वर्षं राहिले.

ती बीटी कपाशीची सुरुवातीची वर्षं. गावोगाव पऱ्हाटीशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. बियाण्याच्या पाकिटासोबत साध्या बियाण्याची एक छोटी पुडी यायची. बोंडअळी बीटीला सरावू नये म्हणून ती शेताच्या कडेनं पाच ओळींत पेरायची असं आम्ही सभांमधून सांगायचो, आणि ती पुडी पुढच्या महिन्यात घरोघरच्या देवळीत तशीच बंद पडलेली दिसायची. मी चोवीस वर्षांची होते. शेतकरी माझं ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, आणि दुकानदार सांगेल ते करायचे. दिवसभर बोलून संध्याकाळी खोलीवर आलं की मला शब्द नकोसे व्हायचे. मी दार लावून टेपरेकॉर्डर सुरू करायची.

खोली एका मुसलमान म्हातारा-म्हातारीच्या घरात होती. मी त्यांना चाचा आणि खाला म्हणायची. चाचा गाद्या भरायचे. अंगणात रुई पिंजलेली असायची आणि त्यांच्या भुवयांवर, कानावर, दाढीवर ती बसलेली असायची. फार कमी बोलणारा माणूस. खाला त्यांच्या वाटचं बोलून घ्यायच्या. मुलगा-सून सुरतेला होते. माझी खोली आणि त्यांची बैठकीची खोली यांच्यात एकच मातीची भिंत होती.

राहायला गेल्यावर महिन्याभराने एका संध्याकाळी चाचांनी दारावर टकटक केली. मला वाटलं, आवाज जास्त झाला. मी आधीच माफी मागायच्या तयारीत. ते उंबऱ्याच्या बाहेर उभे राहून म्हणाले,

"बाई, राग नका मानू. ही पहाटची चीज तुमी दिवेलागणीले काऊन लावता?"

मी म्हटलं, मला वेळच संध्याकाळी मिळतो.

"मंग संध्याकाळची लावत जा. भिंतीले काय, तिले सगळंच चालते. मले नाही चालत."

एवढं बोलून ते गेले. मी कॅसेटचं वेष्टण नीट वाचलं. आठ-नऊ वर्षं मी ती कॅसेट ऐकत होते आणि राग कोणत्या वेळेचा याचा मी कधी विचारच केला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला उठून मी तीच बाजू लावली. भिंतीपलीकडे खाटेचा आवाज झाला, मग काहीच नाही. शेवटपर्यंत काहीच नाही. टेप थांबल्यावर पलीकडून होकाराचं फक्त एक "हाव" ऐकू आलं.

तिथून आमचं ऐकणं सुरू झालं. सकाळी मी लावायची, ते पलीकडून ऐकायचे. पुढे खाला म्हणाल्या की हे भिंतीतून काय लावलंय, अंगणात आणा ते यंत्र. मग टेपरेकॉर्डर अंगणातल्या पिंपावर आला.

चाचा बँडवाले होते हे मला त्यानंतर कळलं. चाळीस वर्षं त्यांनी क्लॅरोनेट वाजवलं होतं. तरुणपणी बऱ्हाणपूरला एका उस्तादाकडे राहून शिकले होते, म्हणून रागदारी ठाऊक. त्यांची बँड पार्टी आजूबाजूच्या तीन-चार तालुक्यांत प्रसिद्ध होती. लाल कोट, सोनेरी फीत, सगळं. गावातले लोक मला सांगायचे की चाचांच्या क्लॅरोनेटवर वरात दोन-दोन तास एका चौकात अडायची, नवरदेव घोड्यावर पेंगायचा पण लोक पुढे सरकू द्यायचे नाहीत. मी गेले तेव्हा हे सगळं संपलं होतं. कापसाची दोन वर्षं खराब गेली तशी लोकांनी लग्नं आवरती घेतली, घरासमोरच मांडव घालून दुपारी उरकून टाकू लागले. पैसा हातात आला त्या वर्षी डीजे आला. बँड पुन्हा कुणी बोलावला नाही. कोट कुणी वाटून नेले ते चाचांनाही आठवत नव्हतं.

मी एकदा त्यांना म्हटलं की मला ऐकायचंय. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. आत जाऊन कापडात गुंडाळलेली क्लॅरोनेटची पेटी आणली. एकेक तुकडा जोडला. फुंकायची पत्ती तोंडात धरून ओली केली. मी आणि खाला समोर बसलो. त्यांनी बोटं भोकांवर ठेवली, बराच वेळ तशीच ठेवली, आणि मग वाद्य मांडीवर आडवं घेतलं.

"पुढचे दात गेले," ते म्हणाले. "फूंक बाजूनं निघून जाते. अर्धं ऐकवण्यापेक्षा न ऐकलेलं बरं, बाई."

मी आग्रह केला नाही. करायला हवा होता असं आज वाटतं. त्यांच्या घरात मी सात वर्षं राहिले आणि त्यांच्या क्लॅरोनेटचा एक सूरही ऐकला नाही. मोठमोठ्या गवयांच्या हुकलेल्या मैफलींपेक्षा हे मला जास्त लागतं.

माझ्या तिथल्या सहाव्या हिवाळ्यात अकोल्याहून एका मैत्रिणीचा फोन आला. त्या गायिका येणार होत्या. रविवारी सकाळी साडेनऊला, सकाळच्या रागांची मैफल. वय झालंय, पुन्हा या बाजूला येतील असं वाटत नाही, असं मैत्रीण म्हणाली. तिने दोन पास मिळवून ठेवले होते. एक माझा, एक चाचांचा.

मी चाचांना सांगितलं तेव्हा ते गादीला टाके घालत होते. त्यांनी सुई थांबवली नाही. फक्त विचारलं, सकाळी का? मी म्हटलं, सकाळी. मग त्यांनी तो टाका पुरा केला आणि सुई उशीत खोचून ठेवली. त्या दिवशी पुन्हा काम केलं नाही.

पुढचे दहा दिवस घरात लग्नघर असल्यासारखं होतं. खालांनी त्यांची शेरवानी पेटीतून काढून उन्हात टाकली, तिला कापराचा वास येत होता. खालांची बहीण अकोल्याला राहायची. शनिवारी दुपारी निघायचं, तिच्याकडे मुक्काम करायचा, सकाळी कार्यक्रमाला जायचं असं ठरलं. मी रजेचा अर्ज दिला, तो मंजूरही झाला. चाचा रोज संध्याकाळी मला त्यांचा अंदाज सांगायचे. आधी अमुक राग घेईल, मग तमुक. वयस्कर गवई थंडीत पहिला राग लांबवत नाहीत, गळा तापायला वेळ लागतो. ते इतकं बोलतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्या वर्षी कपाशीवर लाल्या आला होता. पऱ्हाटीची पानं लाल पडतात, झाड वाढायचं थांबतं आणि बोंडं भरायच्या आधीच सुकून जातात. दिवाळीनंतर तर शेतंच्या शेतं विटकरीच्या रंगाची दिसू लागली. लांबून बघणाऱ्याला वाटावं की काही तरी फुललंय. लोक रोज कार्यालयात यायचे, एक लाल पान टेबलावर ठेवायचे आणि उभे राहायचे. गुरुवारी दुपारी तालुक्याहून आदेश आला. नुकसानीचे पंचनामे सोमवारपर्यंत पूर्ण करायचे, सगळ्यांच्या रजा रद्द.

मी साहेबांना फोन केला नाही. करून उपयोग नव्हता हे एक, आणि दुसरं म्हणजे मलाच ते सांगायला लाज वाटली असती. गाणं ऐकायला जायचंय, म्हणून रजा द्या, असं त्या दिवसांत कोणत्या तोंडानं म्हणणार? संध्याकाळी मी माझा पास खालांच्या हातात ठेवला आणि म्हटलं, तुम्ही जा चाचांसोबत. खाला नाही नाही म्हणाल्या, मले काय कळते त्यातलं. चाचा म्हणाले, मग मीपण जात नाही. मला त्यांच्यावर चिडावं लागलं. मी म्हटलं, निदान कुणीतरी ऐकून येऊन मला सांगा. हे म्हटल्यावर ते तयार झाले.

शनिवारी दोघं शेगावच्या बसमध्ये बसली, तिथून पुढे अकोल्याची गाडी होती. चाचांनी शेरवानीचं वरचं बटणसुद्धा लावलं होतं. मी हात केला आणि माझी गाडी काढून शिवाराकडे गेले.

रविवारी सकाळी मी आणि तलाठी एका पांदणीच्या वाटेनं शेतं बघत चाललो होतो. झाडं मोजायची, बोंडं मोजायची, लिहायचं, पुढच्या शेताच्या धुऱ्यावर जायचं. एका शेतात एक बाई एकटीच कापूस वेचत होती. वेचण्यासारखं फारसं नव्हतं. नवऱ्याला बरं नव्हतं म्हणून शेत तीच बघायची. मी तिच्या ओळींतून झाडं मोजत असताना दोन-तीनदा घड्याळ पाहिलं. तिने ते पाहिलं असावं. तिने विचारलं, घाई आहे का बाई? का कोण जाणे, मी तिला सगळं सांगून टाकलं. म्हटलं, आत्ता या वेळेला अकोल्यात एक गाणं सुरू होतंय, आणि मी ते पंधरा वर्षं ऐकायचं म्हणत होते.

ती हसली नाही. कमरेच्या ओट्यातला कापूस तिनं नीट केला.

"मंग जायचं होतं ना, बाई," ती म्हणाली. "पऱ्हाटी लाल झाली ते झालीच. तुमी आल्यानं हिरवी थोडीच होते."

तिचं खरं होतं. पण मी आले नसते तर तिचं शेत त्या यादीत लागलं नसतं, हेही खरं होतं. मी तिचं नाव लिहिलं, गट क्रमांक लिहिला, तिचा अंगठा घेतला आणि पुढच्या शेतात गेले. त्यानंतर घड्याळ पाहिलं नाही. दुपारी एका कडुनिंबाखाली डबा उघडला तेव्हा एवढंच मनात आलं की आता संपलं असेल.

संध्याकाळी मी खोलीवर पोचले, त्यानंतर थोड्याच वेळात ती दोघं आली. खालांनी आधी चहा टाकला. मग अंगणात खाटेवर बसून चाचांनी सांगायला सुरुवात केली. त्यांनी अंदाज केलेलाच राग पहिला घेतला होता, यावर ते फार खूष होते. सुरुवात इतकी हळू केली की बाहेर एक मोटार आली तिच्या आवाजात पहिला सूर बुडाला. मग मोटार बंद झाली आणि पुढचं सगळं नीट ऐकू आलं. मध्ये साळुंक्या ओरडत होत्या, आणि एकदा तर साळुंकी आणि ती एकाच सुरावर आल्या. चाचांनी तो सूर गुणगुणून दाखवला. त्यांचा गाता आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते, तो फाटका होता पण सुराला पक्का.

मी विचारलं, दिसायला कशा आहेत? कॅसेटवर फक्त तंबोऱ्याचं चित्र होतं.

चाचांनी खालांकडे पाहिलं. खाला म्हणाल्या, ठेंगणी आहे, गोरी. शाल होती निळी. चाचा म्हणाले, जांभळी. त्यावर दोघांचं भांडण झालं. निळी की जांभळी यावर ती दोघं पुढे कित्येक आठवडे भांडत राहिली. तांब्याच्या लोट्यातून पाणी पीत होती, तबलजीनं घाई केली तर नुसत्या डोळ्यांनी त्याला दटावलं, एक जागा चांगली गेली तेव्हा स्वतःशीच हसली. रोज सकाळी टेप लावली की एखादा नवा तपशील निघायचा. मी प्रश्न विचारत राहायची. माझ्या डोळ्यांपुढे ती मैफल इतकी स्पष्ट उभी राहिली की पुढे पुढे मी ती दुसऱ्यांना सांगू लागले. एकदा बुलडाण्याला प्रशिक्षणात शेजारच्या बाईंना मी त्या गायिकेची जांभळी शाल आणि तबलजीला दटावणं असं काही वर्णन करून सांगितलं की त्या म्हणाल्या, नशीबवान आहात, तुम्ही समोर बसून ऐकलंत. मी "हो" म्हटलं. आपण खोटं बोललो असं त्या वेळी वाटलंही नाही.

दीड वर्षाने पेपरात त्या गेल्याची बातमी आली. चाचांनी त्या दिवशी टेप लावू दिली नाही. काही महिन्यांनी माझी बदली चिखलीला झाली, लग्न झालं, मुलगी झाली. टेपरेकॉर्डर मी चाचांकडेच ठेवून आले. सुरुवातीला वर्षातून एकदा जाणं व्हायचं, मग दोन वर्षांतून एकदा. चाचा गेले तेव्हा घाटाखाली-घाटावर सगळीकडे गुलाबी बोंडअळीचं वर्ष होतं, आम्ही पुन्हा पंचनाम्यांत होतो. मला चार दिवसांनी कळलं.

त्यानंतर दोन वर्षांनी संग्रामपूरला एक बैठक होती. ती लवकर आटोपली म्हणून मी वाट वाकडी करून वरवट बकालला गेले. खाला अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. नजर कमी झाली होती, आवाजावरून ओळखलं. मी पण सोलायला बसले. इकडच्या-तिकडच्या गोष्टी झाल्या. मग मी मोबाईल काढून म्हटलं, एक गंमत दाखवते. त्या गायिकेच्या कुठल्याशा जुन्या कार्यक्रमाचं चित्रीकरण कुणीतरी इंटरनेटवर टाकलं होतं आणि ते मला त्याच आठवड्यात सापडलं होतं. मी आवाज मोठा केला. खाला मान हलवत ऐकत होत्या. मी सहज म्हणाले, चाचांनी एक नाही सांगितलं कधी. ही बाई तर चांगलीच उंच आहे, आणि काळी-सावळी. आणि केवढा जाड चष्मा.

खालांचे हात थांबले.

"पाह्यलं असतं तं सांगितलं असतं," त्या म्हणाल्या.

मी मोबाईल बंद केला. मग त्यांनी मला सगळं सांगितलं. सकाळी दोघं वेळेवर सभागृहाशी पोचली होती. दारात पास बघून माणसं आत सोडत होते. पांढरे स्वच्छ कपडे घातलेली, अत्तर लावलेली माणसं. कुणी अडवलं नाही, कुणी वाकडा शब्दही बोललं नाही. चाचा पायऱ्यांपाशी आले आणि तिथेच उभे राहिले. खालांनी म्हटलं, चला ना, पास आहे आपल्याजवळ. ते म्हणाले, थांब. पुन्हा म्हटलं, पुन्हा थांब.

"जिंदगीभर मांडवाच्या दारापर्यंत गेले ते," खाला म्हणाल्या. "नवरदेव आत जाते, बँडवाले बाहेर राह्यतात. त्यायचे पायच नाही उचलले, बेटी. मले म्हणाले, इथून बरं ऐकू येते."

सभागृहाच्या बाजूला खिडक्या होत्या आणि खिडक्यांखाली एक मोठं झाड. मोटारींचे चालक तिथे पेपर अंथरून बसले होते. त्यांनी म्हाताऱ्यांना जागा करून दिली. तिथे बसून दोघांनी अडीच तास गाणं ऐकलं. चाचांनी डोळे मिटले होते आणि खालांच्या मनगटावर बोटं चालवत होते, क्लॅरोनेटवर चालवावीत तशी. एक चालक पानाचं विचारायला आला तर त्याला त्यांनी हातानंच गप्प केलं. गाडी चुकू नये म्हणून लोक बाहेर यायच्या आत दोघं तिथून निघाली. गाडीत बसल्यावर चाचांना आठवलं की बाई विचारील, कशा दिसतात. मग गाव येईपर्यंत दोघांनी बसून ठरवलं. लोटा खालांचा, तबलजीला दटावणं चाचांचं. शालीच्या रंगावर एकमत झालं नाही आणि तेवढ्यात गाव आलं.

मी विचारलं, मला सांगितलं का नाही?

"तुमी आपला पास मले देल्ला. आन् आमी झाडाखाली बसून आलो, हे कसं सांगाव?"

मी शेंगा सोलत राहिले. मोटारीचा आवाज आणि साळुंक्या मला आता आठवल्या. सभागृहाच्या आत बसून साळुंक्या इतक्या जवळून कशा ऐकू येतील हे मी तेव्हा विचारलंच नव्हतं. मला फसवल्याचा राग आला नाही. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. मी गेले असते तर चाचांना हाताला धरून आत नेलं असतं, असं आधी मनात आलं. मग वाटलं, खरंच नेलं असतं का? आणि आत अवघडून बसण्यापेक्षा झाडाखाली त्यांनी जास्त चांगलं ऐकलं नसेल कशावरून? हे मला आजही ठरवता आलेलं नाही. खाला म्हणाल्या, घरी आल्यावर ते म्हणत होते, दुसऱ्या सुरापासून शेवटपर्यंत काही चुकलं नाही, पहिला तेवढा मोटारीनं नेला.

शेंगा संपल्या. त्यांनी अर्ध्या एका पिशवीत घालून मला दिल्या आणि मी पावणेपाचची बस धरली.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. मुलगी दहावीला आहे, नोकरीत माझी वरची श्रेणी झाली, आणि पावसाळ्याआधीची बियाण्याची धावपळ दरवर्षी तशीच असते. मागच्या जानेवारीत मी कुणाला कारण न सांगता दोन दिवसांची रजा टाकली आणि खामगावला एका संगीत सभेला गेले. पास वगैरे नव्हता, ज्याला यायचं त्यानं यावं असा कार्यक्रम होता. सतरंजीवर बसायचं. पहिला गायक मला आवडला नाही. दुसऱ्याच्या वेळी पायाला मुंग्या आल्या आणि माझं सगळं लक्ष पायाकडेच गेलं. तिसरी एक तरुण मुलगी होती, नाव कधी ऐकलं नव्हतं. तिला सर्दी झाली होती. दर पाच मिनिटांनी ती रुमाल काढायची, माफी मागितल्यासारखं हसायची आणि पुन्हा गायला लागायची. मी चौथ्या रांगेत होते. तिच्या रुमालाची किनार हिरवी होती, आणि तार सप्तकात जाताना तिचा डावा खांदा वर जायचा. शेजारच्या अनोळखी बाईंनी मला लवंग दिली, मी ती तोंडात धरली आणि ती मुलगी उठेपर्यंत बसून राहिले.